रॅम दुप्पट केली आणि फाइल सर्व्हर जास्तच गोठायला लागला, असं का?

प्रश्न थोडक्यात असा. दहा जणांच्या ऑफिसात एक जुना डेस्कटॉप फाइल सर्व्हर म्हणून चालतोय. त्यावर उबुंटू सर्व्हर २२.०४ (लिनक्स) आणि सांबा, म्हणजे विंडोजवाल्यांना फायली शेअर करून देणारं सॉफ्टवेअर. ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड १ मध्ये, म्हणजे मिररमध्ये, आणि ऑपरेटिंग सिस्टीमही त्याच जोडीवर. रात्रीच्या बॅकअपला एक यूएसबी डिस्क. गेल्या वर्षी जोडीतली एक डिस्क बदलली. त्यानंतर कधीतरी सुरू झालं की कोणी स्कॅन केलेल्या फायलींचा मोठा गठ्ठा कॉपी करायला घेतला की सर्व्हर ‘क्रॅश’ होतो. सगळ्यांच्या विंडोजवर एक्सप्लोरर पांढरा पडतो, एसएसएच (दुसऱ्या पीसीवरून लॉगिन) लागत नाही, शेवटी पॉवर बटण दाबून धरावं लागतं. लॉगमध्ये ‘टास्क एसएमबीडी ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स’ अशी ओळ सापडते (एसएमबीडी म्हणजे सांबाची प्रोसेस). सांबा अपडेट केलं, रॅम ८ जीबीची १६ केली, तर प्रकार कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आता उबुंटू पुसून नव्याने टाकावं का?

नका टाकू. एक रविवार जाईल आणि सोमवारी संध्याकाळी तुम्ही परत तिथेच असाल. तुमच्या वर्णनात ऑपरेटिंग सिस्टीम कोसळलेली दिसत नाही. ती कोणाची तरी वाट बघत बसलेली दिसते. सांबा यात फक्त निरोप्या आहे. माझा संशय त्या बदललेल्या डिस्कवर आहे, आणि रॅम वाढवल्यावर प्रकार वाढला या एका तपशिलामुळे तो पक्का होत चाललाय. पण डिस्क मरायला टेकलीय, की मुळात अशा कामाची नाही, की बिचारी ठणठणीत आहे आणि दोष केबलचा आहे, हे इथे बसून सांगता येणार नाही. तिन्हींच्या खुणा वेगळ्या असतात. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत करा.)

आधी ‘क्रॅश’ या शब्दाची फोड करू, कारण लोक तीन वेगळ्या गोष्टींना तेच नाव देतात. मशीन आपोआप रीस्टार्ट झालं आणि लॉग मध्येच तुटलाय, पुढची ओळ थेट नव्या बूटची, असं असेल तर एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), तापमान किंवा मदरबोर्ड बघा. स्क्रीनवर ‘कर्नल पॅनिक’ लिहून आलं आणि कीबोर्डवरचे कॅप्स लॉक, स्क्रोल लॉकचे दिवे मिचमिचायला लागले, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, खरोखर पडलंय. तिथे रॅम किंवा एखादा ड्रायव्हर संशयित. आणि तिसरा प्रकार म्हणजे गोठणं. मशीन चालू, पंखे फिरतायत, पण काही उत्तर नाही.

तुमचा तिसरा प्रकार आहे की नाही हे ओळखायला पुढच्या वेळी पॉवर बटणाकडे हात जायच्या आधी दुसऱ्या पीसीवरून पिंग करा. पिंगला उत्तर कर्नल मेमरीतूनच देतं, त्याला डिस्क लागत नाही. एसएसएचचं कनेक्शन जोडलं जातं, कधी पासवर्डही विचारला जातो, आणि मग सगळं थांबतं, कारण लॉगिन पूर्ण व्हायला डिस्कवरून फायली वाचाव्या लागतात. पिंग चालतंय पण लॉगिन होत नाही, ही जोडी दिसली की नेटवर्क जवळपास सुटलं आणि स्टोरेज अडकलं. आधीपासून उघडी ठेवलेली एसएसएच विंडो असेल तर अजून मजा दिसते. ‘इको’ चालतं कारण ते शेलच्या पोटातच असतं, आत्ताच वापरलेलं ‘एलएस’ कदाचित चालतं कारण ते कॅशमध्ये आहे, आणि सकाळपासून न वापरलेली कुठलीही कमांड दिली की कर्सर तिथेच लुकलुकत राहतो.

आता ती १२० सेकंदांची ओळ. कर्नलमध्ये एक पहारेकरी असतो, तो ठरावीक अंतराने बघतो की कुठली प्रोसेस ‘डी’ अवस्थेत, म्हणजे मध्येच न तोडता येणाऱ्या प्रतीक्षेत, १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकून पडलीय. ही प्रतीक्षा बहुतेक वेळा डिस्कची किंवा नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरची (माउंटची) असते. हा संदेश म्हणजे क्रॅश नव्हे, आणि त्यात ज्याचं नाव येतं तो आरोपी नव्हे. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी पहारेकऱ्याला जो आधी दिसला त्याचं नाव तो घेतो. त्याची फेरीही साधारण १२० सेकंदांनीच होते, त्यामुळे खरी अडचण सुरू झालेली असते संदेशाच्या दोन ते चार मिनिटं आधी. म्हणून ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ देऊन मागच्या बूटचा कर्नल लॉग काढा आणि त्या ओळीपासून वर सरका. ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या ओळी, ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, ‘फेल्ड कमांड’, ‘आय/ओ एरर’, किंवा यूएसबी डिस्कनेक्ट झाल्याची नोंद सापडते का बघा. एसएमबीडीबरोबर ‘जेबीडी२’ हे नावही अडकलेल्यांत असेल तर ईएक्सटी४ फाइल सिस्टीमचं जर्नलच (बदलांची नोंदवही) लिहिलं जात नाहीये. तसं झालं की लिहिणारा प्रत्येक जण, अगदी लॉग लिहिणारासुद्धा, रांगेत लागतो.

जाता जाता: त्या संदेशाच्या खालीच तो कसा बंद करायचा तेही कर्नल लिहून देतं. पुष्कळ जण ती ओळ कॉपी-पेस्ट करतात आणि ‘प्रॉब्लेम सुटला’ म्हणतात. संदेश बंद होतो, गोठणं नाही.

सांबाला मी इतक्या सहज का सोडतोय? कारण एसएमबीडी ही साधी युजर-स्पेस, म्हणजे कर्नलच्या बाहेर चालणारी, प्रोसेस आहे. ती स्वतः कोसळू शकते, आणि कोसळली तर बहुतेक वेळा एका युजरचं कनेक्शन तुटतं, बाकीचे चालू राहतात. अख्खं मशीन घेऊन ती बुडत नाही. यात दोन अपवाद लक्षात ठेवा. लिनक्सचा एनएफएस (फायली शेअर करायची दुसरी पद्धत) सर्व्हर कर्नलच्या आत चालतो, आणि कर्नल ५.१५ पासून आलेला, सांबासारखंच काम करणारा ‘केएसएमबीडी’ही. हे दोन वापरत असाल तर शेअरिंगमधला दोष थेट कर्नलला भोवू शकतो. शिवाय तुमच्या सर्व्हरवर दुसऱ्या कुठल्या नॅसचं (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीचं) फोल्डर एनएफएसने माउंट केलेलं असेल तर तेही सांगा. एनएफएस माउंट मूळ सेटिंगमध्ये ‘हार्ड’ असतो, म्हणजे समोरचा गेला तर हा अनंतकाळ वाट बघतो. तेव्हा साधं ‘डीएफ’ दिलं तरी अडकतं, लोड अ‍ॅव्हरेज ४०-५० च्या घरात जातो आणि सीपीयू मात्र रिकामा असतो. हे चित्र डिस्क अडकल्यासारखंच दिसतं, म्हणून आधी वगळून टाका.

रॅमच्या कोड्याकडे येतो. विंडोजवरून आलेला डेटा सांबा ताबडतोब डिस्कवर लिहीत नाही. तो मेमरीत ठेवला जातो आणि कर्नल सवडीने उतरवतं. न उतरवलेल्या अशा डेटाला डर्टी म्हणतात. उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांना कर्नल मागे बसून उतरवायला लागतं, आणि २० टक्क्यांना पोचलं की लिहिणाऱ्यांनाच थांबवतं. ८ जीबी रॅमवर हे २० टक्के म्हणजे ढोबळमानाने दीड जीबी, १६ जीबीवर तीन जीबी. गिगाबिट नेटवर्कवरून डेटा येतो सेकंदाला ११० एमबीच्या आसपास. डिस्क तितक्याच वेगाने लिहीत असेल तर काहीच कळत नाही. पण काही कारणाने ती २० एमबीवर घसरली, तर दीड जीबी उतरायला ७५ सेकंद लागतात आणि तीन जीबीला १५० सेकंद. पहारेकऱ्याची मर्यादा १२०. म्हणजे पूर्वी सर्व्हर मिनिटभर गोठायचा, लोक चहाला जायचे, तो परत यायचा. रॅम वाढवल्यावर तो अडीच मिनिटं गोठतो, विंडोजचा धीर त्याच्या आधीच सुटतो आणि कोणीतरी बटण दाबतं. रॅमने रोग आणला नाही, डिस्कची उधारी वाढवून दिली. प्रत्यक्ष आकडे थोडे मागे-पुढे होतील, पण हिशोबाची दिशा हीच.

त्यामुळे प्रश्न उरतो तो हा की डिस्क २० एमबीवर का येते? मिररमध्ये वाचन कुठल्याही एका डिस्कवरून होतं, पण लिखाण दोन्हींवर पूर्ण झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणता येत नाही. म्हणजे जोडीतली जी संथ, तिचा वेग तो जोडीचा वेग. बैलजोडीसारखंच आहे ते. ‘सिसस्टॅट’ पॅकेज टाकून ‘आयओस्टॅट -एक्स १’ चालू ठेवा आणि मोठी कॉपी करून बघा. दर सेकंदाला प्रत्येक डिस्कची ओळ येते. त्यातले दोन रकाने बघा: ‘डब्ल्यू अवेट’ म्हणजे एका लिखाणाला लागलेले मिलिसेकंद, आणि शेवटचा ‘युटिल’, म्हणजे डिस्क किती टक्के वेळ कामात होती. निरोगी हार्ड डिस्कवर सलग लिखाणात अवेट दहा-वीस, जोरात दामटलं तर शंभर-दोनशे असतो. एका डिस्कचा युटिल १०० टक्के, अवेट हजारांत, आणि दुसरी १०-१५ टक्क्यांवर निवांत, असं दिसलं तर गुन्हेगार हाताशी आला. दोन्ही सारख्याच बेजार असतील तर मात्र कंट्रोलर, वीजपुरवठा किंवा त्याच वेळी चालू असलेला रीसिंक (दोन्ही डिस्क पुन्हा जुळवून घेणं) याकडे वळा. ‘प्रॉक’खालची ‘एमडीस्टॅट’ फाइल उघडली की रीसिंक चालू आहे का कळतं. तिथेच चौकोनी कंसात दोन ‘यू’ दिसायला हवेत. एका ‘यू’च्या जागी खालची रेघ असेल तर तुमचा मिरर कधीच मोडलाय आणि तुम्ही एका डिस्कवर गाडा हाकताय.

संथ निघालेली डिस्क नवी असेल तर तिचं मॉडेल एसएमआर आहे का ते आधी शोधा. या पद्धतीत चकतीवरचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. हे लपवायला डिस्क आपल्या पोटात एक साधा, जलद पट्टा राखून ठेवते आणि आलेला डेटा आधी तिथे टाकते. रोजच्या वर्ड-एक्सेल फायलींना तो पट्टा पुरतो, म्हणून महिनोन्‌महिने शंका येत नाही. तीस-चाळीस जीबीचे स्कॅन एकदम आले की पट्टा भरतो, डिस्क आतल्या आत आवराआवर करायला लागते आणि लिखाण काही एमबी प्रतिसेकंदावर येतं. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींत, यातलं काहीच दिसत नाही, कारण डिस्क आजारी नसतेच. हा घोळ किती सर्रास आहे बघा: २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या ‘रेड’ (लाल; मिररवालं रेड नव्हे) या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क याच पद्धतीच्या आहेत. पुढे साध्या पद्धतीच्या डिस्कना त्यांनी रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. दुकानात नुसतं ‘४ टीबी द्या’ म्हटलं की जी स्वस्त ती हातात पडते, आणि डेस्कटॉपच्या त्या आकाराच्या स्वस्त डिस्क बऱ्याचदा एसएमआर असतात. खोक्यावर लिहिलेलं नसतं. पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या डेटाशीटमध्ये सीएमआर, म्हणजे साधी पद्धत, लिहिलंय का ते बघावं लागतं.

मॉडेल सीएमआर निघालं तर मग ती आजारी आहे का बघू. ‘स्मार्टसीटीएल -एक्स’ द्या. वरती मोठ्या अक्षरात ‘पास्ड’ येतं, तिकडे दुर्लक्ष करा. शेवटची घरघर लागेपर्यंत ते ‘पास्ड’च म्हणतं. बघायच्या ओळी क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९. पाच म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल न लागलेले, आणि गोठण्याशी याचाच सगळ्यात जवळचा संबंध. तो शून्य नसेल तर सावध व्हा, दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क मागवा. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले. १९९ म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या वाटेत खराब झालेला डेटा. हा बहुतेक वेळा केबलचा दोष. हा आकडा कधी मागे जात नाही, त्यामुळे नुसता ‘३४०’ दिसला म्हणून घाबरू नका. आज लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्याने तोच राहिला तर विषय संपला.

स्मार्ट स्वच्छ दिसलं तरी ‘-टी लाँग’ची लांब चाचणी लावा. ४ टीबीला रात्र जाते, अंदाजे मिनिटं स्मार्टसीटीएल स्वतःच सांगतो. ती डिस्कच्या आतच चालते, सर्व्हर बंद ठेवायची गरज नाही, पण ऑफिसच्या वेळात लावू नका.

आजारी डिस्क सगळ्या सर्व्हरला कशी ओढते, हे समजून घेण्यासारखं आहे. डेस्कटॉपची साधी डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर चिकाटीने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिट-दोन मिनिटं. घरच्या पीसीत हे बरोबरच आहे, कारण तिथे दुसरी प्रत नसते. पण लिनक्स कर्नल एका आदेशासाठी मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदच थांबतं. मग ते लिंक रिसेट करतं, डिस्क तरी गप्पच, पुन्हा रिसेट, आणि शेवटी मिरर ती डिस्क बाहेर काढतो. खरं तर डिस्कने सात सेकंदांत ‘जमत नाही’ म्हटलं असतं तर मिररने तोच डेटा दुसरीवरून घेऊन त्या सेक्टरवर परत लिहिला असता आणि कोणाला कळलंही नसतं. नॅसच्या डिस्कमध्ये ही सात सेकंदांची मर्यादा असते. तुमच्यात आहे का ते ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी’ने बघा. असेल पण बंद असेल तर ७० आणि ७० देऊन चालू करा, एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. ‘नॉट सपोर्टेड’ आलं तर उलट बाजूने जा आणि ‘सिस’खालच्या त्या डिस्कच्या ‘टाइमआउट’ फाइलमध्ये ३० च्या जागी १८० लिहा. सर्व्हर तरीही गोठेल, पण मिरर उगाच मोडणार नाही. ही दोन्ही सेटिंगं मशीन बंद केल्यावर जातात, म्हणून बूटला चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये टाका.

केबल की डिस्क, हे लॉगमधल्या एका शब्दावरूनही कळतं. फेल झालेल्या आदेशाखाली महिरपी कंसात ‘यूएनसी’ असेल तर चकती, ‘आयसीआरसी’ असेल तर वाट. ‘साटा लिंक अप’पुढे ६.० जीबीपीएस ऐवजी १.५ दिसायला लागलं तर कर्नलने चुका बघून वेग उतरवलाय, तेही केबलकडेच बोट दाखवतं. आणि दोन्ही डिस्क एकाच सेकंदाला रिसेट झाल्याची नोंद असेल तर दोन्ही डिस्क एकदम बिघडल्या असं सहसा होत नाही. दोघींना समाईक काय आहे ते बघा: बहुधा एसएमपीएस, किंवा एकाच तारेला लावलेला स्वस्त वाय-आकाराचा पॉवर जोड. डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या तारेवर सुमारे दोन अँपिअर ओढते. दहा वर्षं जुना एसएमपीएस तेवढ्यानेही दबतो. १२ व्होल्टला ५ टक्क्यांची सूट असते, म्हणजे भार असताना मीटरवर ११.४ च्या खाली आकडा दिसला तर एसएमपीएस बदला. तो डिस्कपेक्षा स्वस्त पडतो.

नेटवर्क अगदीच वगळलं असं वाटू नये म्हणून एक चाचणी कराच. ‘आयपर्फ३’ दोन्हीकडे टाकून दहा मिनिटं चालवा. त्यात डिस्कला हात लागत नाही, सगळं मेमरीतून मेमरीत. ९३०-९४० मेगाबिट येऊन स्थिर राहिलं तर नेटवर्क निर्दोष. ९४ च्या आसपास आलं तर लिंक १०० वर जुळलीय, बहुधा केबलमधली एखादी जोडी तुटलीय. मशीन त्या दहा मिनिटांतच लटकलं आणि लॉगमध्ये ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ आलं तर माझी वरची सगळी मांडणी बाजूला ठेवा आणि नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर बघा. मग याच्या उलट चाचणी: नेटवर्क केबल काढा आणि सर्व्हरवर बसून मिररवर ५० जीबीची फाइल लिहा. सांबा नाही, विंडोज नाही, तरी गोठला? मग वादच संपला.

या सगळ्यात एक व्यावहारिक अडचण येईल. लॉग ज्या डिस्कवर लिहायचा तीच अडकलेली असते, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाच्या ओळी मेमरीतच राहतात आणि पॉवर बटणाबरोबर जातात. म्हणून सर्व्हरला एक जुना मॉनिटर जोडून ठेवा आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, हा सगळ्यात बिनखर्चाचा उपाय. थोडं पुढे जायचं तर ‘नेटकन्सोल’ मॉड्यूल लावा. ते कर्नलचे संदेश डिस्कला न विचारता थेट यूडीपीने दुसऱ्या मशीनच्या ६६६६ पोर्टवर पाठवतं, तिथे नेटकॅटने ऐकायचं. आणि कीबोर्डवरून ऑल्ट, प्रिंट स्क्रीन आणि डब्ल्यू एकदम दाबलं की अडकलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी स्क्रीनवर येते. यात खाचखळगा असा की उबुंटूत ‘कर्नल डॉट सिसआरक्यू’ची किंमत मुळात १७६ असते. त्यात फक्त सिंक, रीड-ओन्ली आणि रीबूट एवढीच परवानगी आहे, डब्ल्यू दाबून काही होत नाही. ती आधीच १ करून ठेवा. बंद करायची वेळ आलीच तर पॉवर बटणाऐवजी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून क्रमाने एस, यू, बी, प्रत्येकाच्या मध्ये काही सेकंद. एसनंतर ‘इमर्जन्सी सिंक कम्प्लीट’ आलं तर डेटा उतरला. नाही आलं तर डिस्क खरोखर अडकलीय, हीसुद्धा माहितीच.

आजच्या आज करता येईल असा उतारा म्हणजे डर्टी डेटाची मर्यादा टक्क्यांऐवजी बाइटमध्ये बांधणं. ‘सिससीटीएल’मध्ये (कर्नलची सेटिंगं बदलायची कमांड) ‘व्हीएम डॉट डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स’ ६७१०८८६४ आणि ‘व्हीएम डॉट डर्टी_बाइट्स’ २६८४३५४५६ करा, म्हणजे ६४ आणि २५६ एमबी. २५६ एमबी २० च्या वेगानेही १३ सेकंदांत उतरतात. विंडोजवरची कॉपीची पट्टी सुरुवातीला भसाभस पळून मग थिजायची, ती आता पहिल्यापासून हळू पण सरळ चालेल. लोक ‘सर्व्हर स्लो केला’ म्हणतील, म्हणू द्या. मात्र वेग वाढवायला म्हणून सांबातलं ‘स्ट्रिक्ट सिंक’ ‘नो’ करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तुमच्या त्या शेअरवर अकाउंटिंगचा डेटा असेल तर ‘सेव्ह झालं’ याचा अर्थ खरोखर सेव्ह झालं असाच राहिला पाहिजे.

डिस्क बदलायचं ठरलं तर आधी बॅकअप, आणि तो उघडून बघितलेला बॅकअप. मग मदरबोर्डवर तिसरा साटा पोर्ट मोकळा असेल तर जुनी काढून नवी लावण्यापेक्षा नवी जादा म्हणून जोडा, ती मिररमध्ये सामील करा आणि ‘एमडीएडीएम’चा (मिरर सांभाळणारी कमांड) ‘रिप्लेस’ पर्याय ‘विथ’सह वापरा. जुनीवरून नवीवर प्रत होत असताना मिरर दोन पायांवरच उभा राहतो. ४ टीबीला आठ-नऊ तास धरा, शनिवारी संध्याकाळी लावा. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर भरवसा ठेवू नका, बूटनंतर ती अदलाबदल होतात. डिस्कवरच्या लेबलचा सिरीयल नंबर आणि स्मार्टसीटीएलने दाखवलेला सिरीयल नंबर जुळवूनच केबल काढा. निरोगी डिस्क उपसून आजारी आत ठेवणं हा या कामातला सगळ्यात जुना अपघात आहे. ऑपरेटिंग सिस्टीम त्याच जोडीवर असल्याने नव्या डिस्कवर बूटलोडरही (मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम उचलणारा छोटा प्रोग्राम) टाका. नाहीतर सगळं सहा महिने सुरळीत चालेल, आणि ज्या दिवशी जुनी जोडीदार जाईल त्या दिवशी मशीन बूटच होणार नाही. आणि माउंट असलेल्या फाइल सिस्टीमवर ‘एफएससीके’ (फाइल सिस्टीम दुरुस्तीची कमांड) चालवू नका, मोडलेल्या मिररवर एमडीएडीएमचं ‘क्रिएट’ तर अजिबात नाही.

यूएसबी बॅकअपचंही एक बघून घ्या, कारण गोठण्याचं दुसरं रूप तिथून येतं. बॅकअपच्या रात्री यूएसबी डिस्क जोडलेली नसेल किंवा मध्येच सुटली असेल, तर स्क्रिप्टला ते कळत नाही. तिचं माउंटचं फोल्डर रिकामं फोल्डर म्हणून तिथेच असतं, आणि अख्खा बॅकअप मूळ मिररवरच लिहिला जातो. सकाळी रूट (मुख्य फाइल सिस्टीम) १०० टक्के भरलेला, सांबा नव्या फायली घेत नाही, आणि सगळे म्हणतात सर्व्हर परत क्रॅश. डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ करून ठेवा, म्हणजे त्यात कोणालाच लिहिता येत नाही. माउंट झाली की वरची डिस्क नेहमीसारखी चालते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘माउंटपॉइंट -क्यू’ने तपासणी घाला आणि ‘एफएसटॅब’मध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) ‘नोफेल’ लिहा, नाहीतर यूएसबी काढून ठेवलेल्या दिवशी मशीन बूटलाच अडून बसेल.

हे केल्यावरही अडलं तर चार गोष्टी टाका: दोन्ही डिस्कचे पूर्ण मॉडेल नंबर, दोन्हींचे ५, १९७, १९८, १९९ चे आकडे, गोठायच्या आधीच्या पाच मिनिटांचा कर्नल लॉग, आणि कॉपी चालू असतानाच्या आयओस्टॅटच्या दहा-बारा ओळी. मॉडेल नंबर आधी टाका, अर्धं उत्तर बहुधा तिथेच आहे.